पिवळ्याचं चौथं घरटं

पाखरं एकमेकांशी माणसांसारखी भांडायची, तेव्हाची गोष्ट. शिंदीच्या बनात पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी राहायचा. झाडाला टांगलेल्या मडक्यातली ताडी प्यायल्याशिवाय आपली चोच चालतच नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. एकदा त्यानं ती सोडली. मडक्याकडे पाठ करून, कुरकुरत चार दिवस एक घरटं विणलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा प्यायला.

विणीचे दिवस आले. कवळी नावाची मादी पिवळ्याची चारही घरटी पारखायला आली. तिनं चोचीनं एकेक गाठ ओढली. तीन घरटी भराभर उसवली. चौथं हललंसुद्धा नाही.

"हे कधी विणलंस?"

"ते होय? ताडी सोडली होती तेव्हाचं. अर्धवटच राहिलंय."

"माझी पिल्लं ह्यातच राहतील. पुरं झालं की हाक मार," म्हणून ती उडाली.

पिवळ्यानं स्वतः सगळ्या गाठी ओढून बघितल्या. मग मडक्याकडे तोंड करूनच तो चौथं घरटं विणायला बसला.

शेजारचा सुगरण डुलत म्हणाला, "पिवळ्याभाऊ, घोटभर घे की. गाठ झकास बसते."

पिवळ्यानं मान वर केली नाही. "बसते ना? मग तुझी ओढून बघ."