साबीरची बैठक

नांदघळच्या तळ्याखाली पाटाला जिथे फाटा फुटतो, तिथे एक दगड आहे. गुडघ्याएवढा उंच, मधोमध खोलगट. वरचा फाटा उसाकडे वळतो आणि खालचा फाटा उतारावरून लांब पखालगल्लीच्या शेतांकडे जातो. दगडाशेजारी कुणीतरी पाटी रोवली आहे: 'थोर संयमी पुरुष साबीर यांची बैठक.' पाहुणे आधी पाटी वाचतात, मग फोटो काढतात, आणि एवढ्यात कासमनाना त्यांना गाठतात. नाना पखालगल्लीतले. ऐंशी कधीच ओलांडलेली, पण त्या पाटीचा विषय निघाला की अजून कपाळाची शीर उठते.

"पुरुष न्हाई, बाई," नाना म्हणतात. "आन् संयमी तर बिलकूल न्हाई. बसा, सांगतो."

मग नाना जे सांगतात ते असे.

साबीर हे नाव अरबी. सबर म्हणजे धीर आणि साबीर म्हणजे धीर धरणारा. आपल्या रोजच्या बोलण्यातली सबुरी त्याच घरची. धीर म्हटला की पहिलं नाव निघतं हजरत अय्यूब यांचं. संपत्ती गेली, लेकरं गेली, अंगाची दशा झाली, तरी तोंडून तक्रार निघाली नाही. आणि तिकडे उत्तरेत कलियरला साबीर नावाचे पीर होऊन गेले. त्यांच्या मामांनी त्यांना लंगर वाटायला बसवलं. त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना जेवू घातलं आणि स्वतः घास खाल्ला नाही, कारण 'तूही खा' असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, अशी कथा सांगतात.

नांदघळच्या एका पखाल्याला नातू झाला तेव्हा त्याने ही कथा आठवून नातवाचं नाव साबीर ठेवलं. पोराला उठता-बसता तीच कथा सांगितली. पोराने ती जरा जास्तच मनावर घेतली.

त्या काळी गावात तळं नव्हतं. पाणी खाली घळीत. पखाली लोक रेड्याच्या पाठीवर कातड्याच्या पखाली लादून पाणी वर आणायचे आणि घरोघर रांजण भरायचे. गल्लीला त्या कामापोटी जमीन इनाम होती, ती नेमकी घळीच्या तोंडाशी. हैबतराव पाटलांनी तळं बांधायचं मनावर घेतलं तेव्हा बांध घालायला तीच जागा निघाली. जमीन पाण्याखाली जाणार, आणि गावाला तळ्याचं पाणी मिळालं की पखालीचा धंदाही जाणार. गल्लीतली माणसं हटून बसली.

पाटलांनी चावडीत शब्द दिला. बांधाच्या खाली, पाटाच्या शेपटाला तुम्हाला दुसरी जमीन देतो, आणि दरसाल पाण्याची पहिली पाळी पखालगल्लीची. तरी माणसं तयार होईनात. तेव्हा साबीर उठला आणि घरोघर फिरला. पाटलांनी चार लोकांत शब्द दिलाय, धीर धरा, आपलं भलं होईल, असं त्याने प्रत्येकाला सांगितलं. त्याच्या तोंडाकडे बघून माणसांनी जमिनी सोडल्या.

एकीने मात्र विचारलं होतं. "पाळी दिली न्हाई तर?" साबीरची बायको मरियमबी. साबीर हसला आणि म्हणाला, असं कसं होईल.

तळं झालं. गल्लीतल्या पखाली खुंटीला टांगल्या टांगल्या वाळून कडक झाल्या. पाटलांनी साबीरलाच पाटकरी केलं. म्हणजे बांधातली मोरी उघडून, पाटाने हिंडून ज्याच्या त्याच्या शेतात पाणी सोडायचं काम त्याचं. आणि पहिल्या साली पाटील म्हणाले, साबीर, ऊस कोवळा आहे, एवढी पाळी उसाला जाऊ दे. दुसऱ्या साली देवळाची बाग होती. पुढल्या साली मशिदीचा हौद भरायचा होता. त्याला कोण नाही म्हणणार? मग पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. दर वेळी पाटील त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "तू साबीर हायेस. तुला काय सांगायचं?" आणि साबीर फावडं घेऊन उसाचं दारं, म्हणजे पाटाचं तोंड, मोकळं करायला जायचा. खालच्या फाट्याला पाणी यायचं ते करंगळीएवढं, आणि तेही निम्म्या वाटेत जिरायचं.

मरियमबीचा जीव नुसता जळायचा. गल्लीतल्या बायका तिला पाणवठ्यावर टोमणे मारायच्या, कारण साबीरला बोलून उपयोग नव्हता. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा. ज्याच्यावर राग काढावा तो गडी रागवतच नाही म्हटल्यावर माणसं त्याच्या बायकोवर राग काढतात. घरी ती कढईत उलथनं आपटून बोलायची.

"हनीफाचे अब्बा, मोरी तुमच्या हातात हाय. एक दारं आपल्याकडं फिरवा की."

"न सांगता घेतलं तर ती चोरी. पाटील देतील. शब्द हाय त्यांचा."

"सांगणार कवा? आपन मेल्यावर?"

"सबर कर. कलियरच्या पीरांनी..."

"त्या पीरांना लेकरं नव्हती," मरियमबी म्हणायची आणि भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवायची. भाकरी मोठी असायची, बोलणंही मोठं असायचं. साबीर दोन्ही मुकाट्याने संपवायचा.

शेवटी ती कसब्याच्या काझींकडे गेली म्हणे. दारात उभी राहिली आणि म्हणाली, नवऱ्याचं नाव बदलून द्या. काझींना वाटलं बाईचं डोकं फिरलं. ते म्हणाले, नाव बापजाद्यांनी ठेवलेलं असतं, कयामतच्या दिवशी माणसाला त्याच नावाने हाक मारतील. मरियमबी म्हणाली, "तिथं बी त्याला सगळ्यात शेवटीच हाक मारतील. नाव साबीर दिसलं की मागं सारतील. तवर दुसरं नाव चालंल." काझींनी तिची समजूत घातली आणि मूठभर खजूर देऊन परत पाठवलं. खजूर तिने वाटेतच रागाने खाऊन टाकले.

त्या साली पाऊस मधेच तुटला. पखालगल्लीच्या रानात हरभरा कसाबसा उगवला होता. एक पाणी मिळालं तर घाटे धरतील, नाहीतर गेलाच. गल्लीतल्या माणसांनी ठरवलं की हरभरा वाळला तर गाव सोडायचं. दोन घरांनी गाडीला वंगणही घालून ठेवलं. कुणी साबीरला वाईट बोललं नाही. एक म्हातारी तेवढी जाता जाता म्हणाली, "तुझ्या तोंडाकडं बगून जमीन सोडली रं बाबा." साबीर त्या रात्री जेवला नाही, आणि मरियमबी पहिल्यांदाच त्याला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटायची होती. पाटलांचा निरोप आला, ऊस पिवळा पडतोय, आधी उसाला. साबीरने निरोप ऐकला, फावडं उचललं आणि मोरीकडे गेला. मरियमबीने अंगावरची गोधडी काखेत मारली आणि ती सरळ फाट्याकडे गेली. वरच्या फाट्याचं तोंड माणूसभर रुंद होतं. तिने त्यात गोधडी कोंबली, वर चिखल थापला आणि एक दगड ओढून त्यावर, गोधडीला पाठ लावून बसली. मोरी उघडली तेव्हा मार्गशीर्षातलं पाणी तिच्या कमरेला येऊन भिडलं.

असे सांगतात की त्या गोधडीतून थेंबभर पाणी गळलं नाही. नाना म्हणतात, गळलं असेल थोडंफार. पण बाई हलली नाही हे खरं.

ऊस कोरडा राहिला तसे पाटलांचे गडी बघायला आले. पाण्यात बसलेल्या बाईला हात कोण लावणार? ते पाटलांना घेऊन आले. पाटलांचं नाव हैबतराव. हैबत हा शब्दही अरबीच, अर्थ दरारा, आणि नाव त्यांना शोभतही होतं. ते काठावर उभे राहिले तशी मागे जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली.

"मरियमबी, ऊठ. हे काय चाललंय?"

तिने पाठ गोधडीला आणखी घट्ट टेकली.

"ऐकू येत न्हाई का? मरियमबी."

"मरियमबी घरी हाय," ती म्हणाली. "मी साबीर."

बाईने नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही रीत तेव्हा सगळ्यांच्या घरी होती. लग्न झाल्यापासून मरियमबीने ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. काठावरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पाटलांनी मागे वळून बघितलं तर साबीर मोरीकडून येऊन उभा होता, हातात फावडं.

"तुझी बायको हाय. काढ तिला भायेर."

साबीर पाण्यातल्या बायकोकडे बघत राहिला. तिचे ओठ काळेनिळे पडले होते आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. तो आता मान हलवणार हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने दुसरं काही पाहिलं नव्हतं. आज याने माझा हात धरून मला बाहेर काढलं तर याच्या घरात परत पाऊल ठेवायचं नाही, असं तिने मनात ठरवून टाकलं होतं.

"पाटील," साबीर म्हणाला, "नाव मी तिला दिलं. माझ्याकडं न्हाई आता. धीर धरायला तिलाच सांगा."

मग तो खालच्या फाट्यात उतरला आणि वर्षानुवर्षं साचलेला गाळ त्याने फावड्याने ओढून काढला. पाणी उताराला लागलं. पखालगल्लीची माणसं पाण्याच्या पुढे पुढे धावत होती.

पाटलांनी बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "पोचलं तुमचं पाणी. आता ऊठ."

"शेवट भिजला का?"

"भिजला म्हनतोय ना. शब्द देतो."

"शब्द लई झाले," मरियमबी म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "शेवटच्या वावरातला चिखल आना. तुमी सोता आना. दुसऱ्या कुनाच्या हातून घेनार न्हाई."

हैबतराव संतापले. त्यांनी गड्यांकडे बघितलं, गडी जमिनीकडे बघत होते. त्यांनी साबीरकडे बघितलं, तो गाळ ओढत होता. बाई पाण्यात मेली तर गावोगाव काय बोभाटा होईल, हेही त्यांच्या ध्यानात आलं असेल. शेवटी ते निघाले. शब्द दिल्यापासून पाटाच्या शेपटाला पाटील गेलेले कुणी पाहिले नव्हते. जोडे वाटेत चिखलात रुतून बसले म्हणे. दिवस कलताना ते अनवाणी परत आले, ओंजळीत काळा चिखल. मरियमबीने तो हातात घेतला, बोटांनी चोळून बघितला, आणि मगच साबीरने दिलेला हात धरला. साबीरला एवढंच ऐकू गेलं की ती म्हणाली, "लई वेळ लावला."

काही जण सांगतात, ती त्याच रात्री गारठून गेली आणि दगडाला देवपण आलं. हे ऐकलं की नाना चिडतात. बाईला मारून टाकल्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही, असं त्यांचं म्हणणं. गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ते वेगळंच. ती नातवंडं बघून, सगळ्यांशी भांडून, पिकल्या वयात गेली, आणि तोवर दरसाल पहिल्या पाळीला त्या दगडावर तीच बसली. काझी मागाहून म्हणाले म्हणे की जुन्या अरबीत सबर म्हणजे नुसतं वाट बघणं नव्हे, आवरून धरणं, रोखून धरणं. मरियमबी म्हणाली, हे तुमी त्या दिवशी सांगायचं, खजूर कशाला दिले?

पुढे ते नाव गल्लीत कुणी मुलाला ठेवलं नाही. ते बायकांकडे राहिलं. पाटाच्या शेपटाला जिचं शेत, तिने पहिल्या पाळीला बैठकीवर बसायचं, आणि शेवटचा चिखल हातात येईपर्यंत तिला साबीर म्हणायचं. मग ती मुसलमान असो की मराठ्याची. हलिमाबी साबीर झाली होती, ती म्हणे बसल्या जागी विडी ओढायची. सुंद्राबाई साबीरला पाटलाच्या नातवाने जवळच्याच वावरातला चिखल आणून दिला. रंग पांढुरका दिसला तसा तिने तो त्याच्या धोतरावर टाकला आणि पुन्हा हात पुढे केला. शाळेतल्या एक बाई नवऱ्याच्या माघारी शेत करायच्या, त्या वह्या तपासत बसल्या होत्या.

आजही ही रीत मोडलेली नाही. पाणी आता पाटील सोडत नाहीत, पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून सुटतं, आणि तळ्यात पाणी असलं तरी शेपटाला पोचेलच असं नाही. ऊस पूर्वीपेक्षा वाढला आहे. पण पहिल्या पाळीला बैठकीवर बाई बसतेच. गेल्या साली तांड्यावरची जमनाबाई साबीर होती. दुपार टळली तसे कचेरीतले साहेब जीपने आले, उतरले नाहीत. पाणी पोचलं, म्हणाले, आणि खिडकीतून मोबाईल पुढे केला. ओल्या वावराचा फोटो होता. जमनाबाईने फोटो नीट बघितला, मोबाईल परत दिला आणि रिकामा हात तसाच पुढे धरून ठेवला.