सिंतींच्या बोलीची वही

“मग छापायला देऊ ना, बाबा?”

शाल्मलीनं वही म्हाताऱ्या अंतोनच्या मांडीवर ठेवली. जर्मनीतल्या एका नदीकाठी, सफरचंदाच्या झाडांखाली, शेकडो वर्षांपूर्वी भारतातून तिकडे गेलेल्या सिंती या भटक्या लोकांच्या चाकांवरच्या घरांचा मुक्काम होता. धुकं इतकं सावकाश विरत होतं, की पलीकडे काठ आहे की नाही तेही कळत नव्हतं.

चार उन्हाळे ती पुण्याहून येत होती. सिंतींची बोली, तिचं सगळं व्याकरण, त्या एका वहीत उतरलं होतं. नाक, कान, पाणी हे शब्द आपल्यासारखेच, म्हणून पहिल्याच दिवशी तिला वाटलं, ही तर माझ्या माहेरची भाषा. थोडा तोरा होताच. विद्वानांना तो सर्दीसारखा होतो.

अंतोननं वही उघडली नाही.

“हे सगळं बोललं कोण?”

“तुमची बायको. एकूणएक वाक्य त्यांचंच. शेवटी त्यांचं नावही...”

त्यानं हात वर केला.

“गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, पोरी.”

शाल्मलीनं जीभ चावली.

“ती गेली, तेव्हा तिच्या वस्तूंचं काय केलं?”

“जाळल्या. गाडी, कपडे, अंथरूण... तुमची रीतच आहे ती.”

“तिची शाल मला फार ठेवावीशी वाटत होती. तीही टाकली...” तो वहीकडे बघत राहिला. “मग हे कसं राहिलं?”

“बाबा, ही माझी वही आहे. दुसरी प्रत नाही.”

शेकोटी दोन पावलांवर होती. त्यानं वही मागितली असती, तर ती भांडली असती. पण त्यानं ती मुकाट्यानं तिच्या हातात परत दिली, आणि तिथंच सगळं अवघड झालं. त्या बाईंवर शाल्मलीचा फार जीव होता.

बऱ्याच वेळानं तिनं वही आगीत ठेवली, आणि तोंड झाकून रडली.

“चार वर्षं गेली. माझ्याजवळ काहीच उरलं नाही.”

अंतोन खोकला. आजवर तो तिच्याशी जर्मनच बोलत आला होता. आता सिंतींच्या बोलीत, अगदी हळू, म्हणाला, “धूर डोळ्यांत जातोय. माझी खुर्ची झाडापाशी सरकव, आणि पायांवर पांघरूण घाल.”

ती उठली. खुर्ची सरकवली, पांघरूण घातलं, कडा नीट खोचल्या.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले.

“हे कुठल्या पानावर होतं?”