नशीबवान सुई

साताऱ्याच्या शेवंताआत्यांनी सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. त्यांची भाची मृणाल राज्याच्या हॉकी संघात निवडली गेली आणि त्या आनंदात मनगटावर टॅटू काढायला निघाली. सोबत आत्याही निघाल्या.

भैरवशेठचं दुकान गावात सगळ्यांत नामांकित. दहा-बारा गिऱ्हाइकं ताटकळत बसली होती. मृणालची पाळी आली, तशी शेठनी मघाच्या पैलवानाला टोचलेली सुईच फडक्यानं पुसली.

"नवी सुई घ्या की," आत्या म्हणाल्या.

शेठ मोठ्यानं हसले. "आजी, ही नशीबवान सुई आहे! ज्याला टोचली, त्यानं कुस्तीत गदा पटकावली, निवडणूक जिंकली. तुम्हाला काय कळणार यातलं?"

मृणाल ओशाळली. आत्यांनी मात्र हात जोडले. "चुकलंच माझं. एवढी गुणाची सुई! मग पहिला ठिपका तुमच्याच दंडावर काढा की. तुमचंही नशीब फळफळू दे."

शेठनी झटकन हात मागे घेतला. "छे, छे! किती जणांच्या रक्तात बुडालीय ती!"

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण तोवर सगळं दुकान हसत हसत चपला शोधू लागलं होतं.

पुढच्या गल्लीतल्या टॅटूच्या दुकानात एका मुलीनं हातमोजे चढवले आणि सुईचं सीलबंद पाकीट मृणालसमोरच फोडलं. मृणालच्या मनगटावर इवलीशी हॉकी स्टिक उमटली, तसा आत्यांनी पदर खोचला आणि आपला हात पुढे केला.

"आता दुसरं पाकीट फोड गं. मला मोर हवाय."