केबल रुळेपर्यंत

"पण बुवा, नवी केबल रुळायला वेळ तर लागणारच ना?"

उन्मेषने विचारलं खरं, पण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. आपल्या कानाचा त्याला भारी तोरा. स्पीकरला नवी केबल जोडल्यापासून तो खोलीचं दार लावून तिच्यातून रात्रंदिवस नुसती खरखर वाजवत होता आणि स्वतः बाहेर बसत होता. दुकानदाराने बजावलं होतं, केबल आधी रुळू द्या, म्हणजे आवाज खुलतो, मग गाणं ऐका.

त्याचे गाण्याचे गुरू हरळीकरबुवा आज घरी आले होते. त्या खरखरीतच ते शांतपणे खुर्चीत बसले.

"तुम्हीच शिकवलंत," उन्मेष म्हणाला. "तानपुऱ्याला नवी तार चढवली की ती आधी उतरत राहते. बसायला वेळ घेते."

"तिला खुंटी ओढून धरते. हिला कोण ओढतं?"

मग बुवांनीच विचारलं, एवढं जपून ऐकायचं तरी काय आहे? उन्मेषने कपाटातली कॅसेट दाखवली. तांदूळ निवडताना आई गुणगुणायची, ते वडिलांनी कधीतरी तिच्या नकळत टेप केलेलं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. कॅसेट अजून लावलेली नव्हती.

"न रुळलेल्या केबलवर आईचा आवाज नको, बुवा."

"आणि रुळल्यावरही त्यात आई भेटली नाही तर?"

उन्मेषची भीती नेमकी हीच होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही.

बुवा उठले. खरखर बंद केली, कॅसेट घातली. उन्मेष थांबा म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलंसुद्धा.

आधी सुपातल्या तांदळाची सळसळ आली. मग आई. सूर जरा चढाच, मधेच खोकला, मधेच शेजारणीशी दोन शब्द, आणि सोडलं होतं तिथूनच पुन्हा गाणं. तीच, जशीच्या तशी.

उन्मेषचे डोळे वाहू लागले आणि छातीवरचं ओझं उतरलं. वर्षभरात इतकं हलकं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

पण सवय ती सवय. डोळे पुसता पुसता त्याने विचारलंच, "म्हणजे बुवा, केबल रुळावी लागते की नाही?"

"आई गातेय," बुवा म्हणाले. "मध्ये बोलू नकोस."