उलट्या हाताचे घाव

गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही. आठवते ती तिथली शिशाची खाण.

काळ्या डोंगराच्या पोटात ती खाण होती. माणसे दिवट्या घेऊन आत शिरत आणि छिन्नी-हातोड्याने शिशाचा काळा दगड फोडत. कधीमधी त्या दगडावर पांढरेशुभ्र स्फटिक सापडत. व्यापारी ते देशोदेशी विकत. त्यांतला सर्वांत देखणा स्फटिक राजाच्या दरबारात होता.

एकदा राजाने ठरवले, की हा स्फटिक ज्याने काढला, त्याचे नाव खाणीच्या तोंडाशी एका शिळेवर कोरायचे. चौकशी सुरू होताच खुशालशेट व्यापारी लगबगीने पुढे आले.

"महाराज, आमचे आजोबा स्वतः खाणीत उतरले होते. आपल्या हातांनी त्यांनी हा काढला."

शेटजी खोटे बोलत नव्हते बरे का! लहानपणापासून घरी त्यांनी हेच ऐकले होते.

खाणीवर दगड धुणाऱ्या सगुणेच्या कानावर ही बातमी गेली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिचा आजा हैबती डावखुरा होता. उलट्या हाताचा माणूस शेजारी नको, म्हणून मुकादमाने त्याला शेवटच्या अरुंद बोगद्यात एकट्याला टाकले होते. तिथेच त्याचा जन्म गेला. म्हातारपणी नातीला मांडीवर घेऊन तो म्हणायचा, "डोंगराच्या पोटातलं पांढरं फूल म्या काढलं गं, सगुणे." लोक हसायचे. सगुणा मात्र कधी हसली नाही.

चिखलाने भरलेल्या लुगड्यानिशी ती दरबारात उभी राहिली. "महाराज, ह्यो दगड माझ्या आज्यानं काढलाय. खाणीत चला, दावते."

"आणि खोटे ठरले तर?"

"तर मला खाणीवरनं हाकलून द्या."

खाण सुटली तर चूल विझणार, हे तिला ठाऊक होते. तरी तिने मान खाली घातली नाही.

सारे खाणीत उतरले. सगुणेने दिवटी भिंतीजवळ धरली. छिन्नीचे हजारो घाव, सगळे एकाच बाजूला झुकलेले. शेवटच्या बोगद्यापाशी ती थांबली. तिथले घाव उलट्या बाजूला झुकले होते.

"डावखुऱ्या माणसाचा घाव असा पडतो, महाराज. अख्ख्या खाणीत डावखुरा एकच होता."

बोगदा एवढा अरुंद, की राजालाही रांगावे लागले. मागून शेटजी शिरायला गेले आणि पोटाशी अडकले. दोघांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढले. घाम पुसत ते स्वतःशीच पुटपुटले, "आजोबा तर माझ्याहून दुप्पट होते!"

बोगद्याच्या टोकाला भिंतीत एक खळगा होता. सगुणेने दरबारातून सोबत आणलेला स्फटिक त्यात बसवला. मूल आईच्या कुशीत शिरावे तसा तो नेमका बसला. तिला रडू आवरेना.

शेटजी मोठ्या मनाचे निघाले. ते म्हणाले, "महाराज, काढला हिच्या आजोबांनी. माझ्या आजोबांनी तो विकायला नेऊन जगाला दाखवला, आमच्या घराण्याला तेवढा मान पुष्कळ आहे."

शिळेवर वर हैबतीचे नाव आले, खाली शेटजींच्या आजोबांचे. सगुणेला वाचता येत नव्हते. तिने अक्षरांवरून बोटे फिरवली आणि ती चमकली. वरच्या नावाचे सगळे घाव पाथरवटाने उलट्या बाजूला झुकते घातले होते.

"ह्यो माझा आजा!" ती मोठ्याने म्हणाली, आणि ताठ मानेने दगड धुवायला गेली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढेच ध्यानात ठेवा: सुंदर वस्तू पाहिली, की ती कुणी विकली एवढ्यावर थांबू नये, ती कुणाच्या हातून घडली, हेही विचारावे.