मेलेली जीप

डोंगरातल्या बाळंतिणींना तालुक्याला नेणारी गावात एकच जुनी जीप होती. नवरा गेल्यापासून ती कुमुदवहिनीच चालवत. हल्ली इंजिन तापलं की ती घाटात बंद पडे. सरपंच आबासाहेबांनी निकालच देऊन टाकला, "इंजिन मेलंय. भंगारात घाला."

"एकदा माझ्याबरोबर घाटात चला," वहिनी म्हणाल्या.

अर्ध्या घाटात जीप बंद पडली. आबासाहेब हसले. "गेलं ना शेवटी?"

वहिनींनी बॉनेट उघडलं, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची नळी सोडवून बाटलीत धरली आणि आबासाहेबांना किल्ली मारायला लावली. पेट्रोलचा थेंबही आला नाही. मग त्यांनी पंपावर ओलं फडकं ठेवलं. थोड्या वेळानं पुन्हा किल्ली मारताच बाटलीत पेट्रोलची धार लागली. नळी जोडताच जीप सुरू झाली.

"आबासाहेब, ओल्या पट्टीनं मेलेलं माणूस उठत नाही. मी ठेवून पाहिलीये. उठतं ते तापानं फणफणलेलं. त्याला कुणी सरणावर ठेवतं का?"

"मग जन्मभर पट्ट्याच ठेवणार?"

"छे, औषध आणलंय." वहिनींनी पिशवीतून नवा पंप काढला, जुन्याच्या जागी घट्ट बसवला आणि दार उघडून धरलं. "बसा. की मढ्यात बसायची भीती वाटते?"

आबासाहेब चढून बसले. जीप घाटमाथ्यापर्यंत कुठेही थांबली नाही.