तुंब्याला बांधलेली तार

“वेलीच्या पेशीची भिंत ढिली होते, मग ती पडत कशी नाही?” मी विचारलं.

नूरशा बाबा वेलीच्या मांडवाखाली उकिडवे बसले होते. फकीर माणूस. तकियाच्या, म्हणजे आपल्या मठीच्या, अंगणात तुंबे, पाणी भरायचे भोपळे, पिकवायचे. कोवळ्या तुंब्याच्या मध्यावर सुती दोरी बांधायची, तो फुगेल तशी सैल करायची. कंबर बारीक राहते, वाळवलेल्या तुंब्यातून पाणी नेताना हातात धरता येतं.

“वेल स्वतःच ढिली करते रे. शेतकी कॉलेजातल्या बाईंनी सांगितलं. वेलीत एक प्रथिन असतं. पेशीच्या भिंतीतले धागे ते जरा सैल करतं, तोडत नाही. आतलं पाणी रेटतं, पेशी वाढते. मग नवे धागे चढतात.”

“खोटं! ढिली भिंत पडतेच.”

“पाहिलीस?”



महिन्यापूर्वी माझा थोरला भाऊ, अण्णा, गेला, तेव्हापासून मी रडलो नव्हतो. रडलो तर आईला कोण सावरणार? शेवटी आईनंच मला इथं धाडलं.

बाबांनी माझ्या वाट्याचा तुंबा तळहातावर घेतला. दोरीऐवजी मी तार आवळली होती, पंधरा दिवसांत एकदाही सैल केली नव्हती. ती सालीत रुतली होती. कडेनं चीक आला होता.

“रेवाप्पा, बेडीच घातलीस की बिचाऱ्याला!”

“दोरी सुटते.”

“सुटू दे. तुंबा काय पळून जातोय?”

“सुटू दे म्हणता?” मी ओरडलो. “विहिरीची भिंत ढिली झाली म्हणून तर अण्णा गाडला गेला! मी वर दोर धरून होतो. सोडला नव्हता, बाबा… सोडला नव्हता…”

“माहीत आहे.”

“तुम्हाला कसं?”

त्यांनी माझे तळवे उलटे केले. दोरानं कापलेले वळ अजून लाल होते.

…

बाबांनी पकड पुढं केली. तार मीच तोडली. कट् असा आवाज झाला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मलाच ओळखू आलं नाही. ऊन मांडवावरून उतरेपर्यंत मी रडत होतो.

मग छाती हलकी झाली. पहिल्यांदा पोटभर श्वास आला. तुंब्याच्या कमरेवर खोल वण होता.

“हा आता वाढेल, बाबा? पाणी घालू?”

त्यांनी माठातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला.

“आधी तू पी.”